अँटवर्पच्या गॅलरीबाबत आणि माझ्या भाचीबाबत

मी, नागोराव माणिकराव पडगिलवार, वय ७४, राहणार बोथ, जिल्हा आदिलाबाद, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, कारण माझा मुलगा प्रज्वल ‘बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं’ असे म्हणणार, याची मला खात्री आहे. प्रत्येक पानावर सही केली आहे. पान बदलले तर कळेल.

१. बोथचे घर आणि गुडीहत्नूरचा प्लॉट प्रज्वलला. तो फोनवर आधी माझ्या रक्तदाबाची चौकशी करतो, मग गॅलरीच्या चाव्यांची. एक चावी वकिलांकडे आहे. वकिलांचाही भरवसा नसल्याने दुसरी बँकेत आहे. दोन्हींशिवाय दार उघडत नाही.

२. बेल्जियममधील अँटवर्प येथील गॅलरी. तरुणपणी मी तिथे एका हिरे व्यापाऱ्याकडे पार्सले बांधायला गेलो. पुढे शेजारच्या गॅलरीत चित्रे बांधू लागलो आणि एकोणीस वर्षांनी ती गॅलरीच घेतली. चारशे वर्षांपूर्वीच्या फ्लेमिश, म्हणजे त्याच भागातल्या, चित्रकारांची लाकडी फळ्यांवरची चित्रे आम्ही विकतो. मी आधी फळीची पाठ बघतो, मग विकणाऱ्याचा चेहरा, चित्र शेवटी. एवढे करून एकदा फसलोच.

३. भीमपूरच्या माझ्या बहिणीची मुलगी सुनयना हिला मी तिकडे नेऊन काम शिकवले. २०१४ साली एका दलालाने मासळीबाजाराचे चित्र आणले. कोपऱ्यात मोठ्या चित्रकाराची सही होती. सुनयनाने भिंग लावले.

“मामा, सहीचा रंग भेगांमंदी उतरला आहे. भेगा पडल्यावर कोनीतरी सही केली.”

मला वाटले, समोरच्या गॅलरीवाल्याला हे चित्र हवे आहे आणि त्याने हिला फितवले. त्याने दिलेले पैसे सापडतील म्हणून गिऱ्हाइकासमोर मी तिची पिशवी टेबलावर उलटी केली. कंगवा, औषधाच्या गोळ्या आणि तिच्या आईचे पत्र निघाले. तरी म्हणालो, “तू कोणाची माणूस आहेस?” ती त्याच आठवड्यात गावी परतली. चित्र मी दलालाकडून घेतले आणि विकले. तीन वर्षांनी तपासणीत सही खोटी ठरली. चित्र परत घेतले आणि कोणाजवळ बोललो नाही.

४. सुनयना आता आदिलाबादला फोटोंच्या फ्रेमा करून देते. गेल्या महिन्यात तिच्या दुकानात गेलो.

“तुझं खरं होतं,” मी म्हणालो.

“मले मालूम आहे. तुमाले कवा समजलं?”

“आठ वर्षं झाली.”

तिने हातातली फ्रेम खाली ठेवली. “मंग आठ वर्सं गप काऊन बसले, मामा?”



५. गॅलरी, तिथला सगळा साठा आणि माझी अवजारे सुनयनाला, विनाअट. तिने नाकारल्यास गॅलरी बंद करावी. प्रज्वलला देऊ नये. खोट्या सहीचे चित्र कोणीही विकू नये.

६. मसुद्यात मी लिहिले होते की सुनयना ‘गैरसमजामुळे’ गॅलरी सोडून गेली. तिला वाचून दाखवले.

“गैरसमज नव्हता तो. तुमी मले चोर ठरवलं. तसंच लिवा.”

म्हणून तो शब्द खोडून लिहितो: सुनयनाचा काही दोष नसताना मी तिला चोर ठरवले. ही दुरुस्ती माझ्या हातची आहे. गॅलरी घेण्याबाबत तिने अद्याप होकार दिलेला नाही.

ठिकाण: बोथ
दिनांक: ११ मार्च २०२५
सही: नागोराव माणिकराव पडगिलवार

नागोराव यांनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत:
१. डॉ. रविकांत देशट्टीवार, बोथ
२. प्रतिभा चिंतावार, निवृत्त शिक्षिका, बोथ