आमच्या पक्षाची चढती कमान

चि. केशव यास,

सिंदी मेघेहून तुझ्या भाऊजींचे आणि पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचे (माणूस एकच आहे, पण पत्र दोघांकडून आहे) मनापासून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? इलाचा घसा बसल्याचं कळलं. तिला म्हणावं, चार दिवस अजिबात बोलू नकोस. आणि त्या चार दिवसांत तुला कसं वाटलं ते मला खासगीत कळव. इकडे सर्व ठीक. माझी तब्येत उत्तम, पक्षाची त्याहून उत्तम.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या पक्षाच्या घटनेतलं कलम अकरा सांगतं की महत्त्वाची बाब जिल्हा सरचिटणीसाला लेखीच कळवावी. सरचिटणीस तू आहेस. (तुला आठवत नसेल. सुमीतच्या लग्नात तू पंगतीत जिलबी खात असताना मी सही घेतली होती. कागदावर पाकाचा डाग अजून आहे.) शिवाय फोनवर तू "हो जी, हो जी" म्हणत टीव्ही पाहतोस, हे मला ऐकू येतं.

तर केशव, वर्ध्यात भेटेल तो विचारतो की तुमचा नागरी स्वावलंब पक्ष अजून आहे का? अशा लोकांसाठी आपला निवडणुकीतला इतिहास एकदा नीट मांडायलाच हवा होता, तो इथे मांडतो. आपला पक्ष मध्याच्या किंचित उजवीकडचा. म्हणजे सरकारने कमी बोलावं, बाजारात लुडबुड करू नये, आणि माणसाने आपलं आपण पाहावं. हा विचार जिल्ह्यात मी पंधरा वर्षं पोचवला. आज जिल्ह्यात त्याचे दोन सभासद आहेत, आणि दोघांनीही अद्याप पक्ष सोडलेला नाही. एवढी निष्ठा मोठ्या पक्षांत दाखवून द्यावी कुणी.

पहिली विधानसभा आपण २००९ साली लढलो. चिन्ह मिळालं शिवणयंत्र. आपल्यासारख्या छोट्या पक्षांना कायमचं चिन्ह नसतं, यादीतून उरलंसुरलं मिळतं. बाया भरपूर जमल्या, कारण यंत्रं वाटणार असा समज झाला होता. मी माणसाने आपलं आपण शिवावं या विषयावर पाऊण तास बोललो. मतं पडली चारशे सात. सुरुवात म्हणून हा आकडा दणदणीत होता, हे तूही तेव्हा मान्य केलं होतंस (किंवा मान हलवली होतीस).

२०१४ साली चिन्ह मिळालं नारळ, आणि मला वाटलं, आता देवच आपल्या बाजूला. प्रचाराचा शुभारंभ केळझरला गणपतीसमोर ठेवला. शुभारंभ म्हटला की नारळ फोडणं आलंच. आजवर सगळ्यांनी तसंच केलं, मीही केलं. "आपलं चिन्ह नारळ, नारळ, नारळ!" असं माइकवर तीनदा ओरडलो आणि हाणला पायरीवर. ज्या भैयाजींच्या दुकानातून तो घेतला होता ते समोरच उभे होते. ते एवढ्या गर्दीत म्हणाले, "वासुदेवराव, सोताचंच चिन्ह फोडून राह्यले का जी?" लोक जे हसले ते मतदानापर्यंत थांबलेच नाहीत. पण पुढे प्रत्येक गावी शुभारंभ होता, आणि न फोडावा तर अपशकुन. अकरा गावांत अकरा नारळ फोडले. त्यातला एकही कुजका निघाला नाही, हे आपल्या विरोधकांनी कुठेही सांगितलं नाही.

त्याच प्रचारात मी तुझ्या गिरडला सभा घेतली होती. चाळीस माणसं, टाळ्या, चहा! दर्ग्याच्या टेकडीखाली एका म्हाताऱ्या बुवांनी मला समजावलं की एका व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली, तर त्याच्या नारळांचे इथे दगड झाले होते, तेव्हा तुम्ही जरा जपून. मी जपूनच बोललो. ती आपली आजवरची सर्वोत्तम सभा. गिरड आपल्या मतदारसंघातच येत नाही, हे तू मला सभा संपल्यावर सांगितलंस. त्या खेपेला मतं दोनशे त्रेसष्ट.

२०१९ साली फॉर्मवर तारीख चुकल्यामुळे आपण हरलो नाही. आणि २०२४ ला, चिन्ह शिट्टी, मतं दोनशे चौसष्ट. नीट पाहा केशव: घसरण थांबली आणि चढ लागला. एक मत का होईना, वाढलं.

त्या एका मताबद्दल मला कमलाबाईंचा संशय आहे. आमच्या मागच्या गल्लीत त्या एकट्या राहतात. कोपऱ्यावरच्या सभेत मी सरकारने हात आखडता घ्यावा असं म्हणत होतो, तर त्या मध्येच उठल्या. "मंग माया नळाले पानी कोन आनन? बाजार?" मी शिट्टी वाजवली. तेव्हा मागून तुझी बहीण सुधा म्हणाली, "कमलाबाई, उद्या दहा वाजता तयार राह्यजा, आपुन हापिसात जाऊ." दुसऱ्या दिवशी ती बारा बायांना घेऊन गेली, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, आणि सातव्या खेपेला नळाला पाणी आलं. ते पाणी आपल्याही घरी येतं. तत्त्व म्हणून मी आठ दिवस विहिरीचं प्यालो, मग पोट बिघडलं.

आता जिल्हा परिषद आली आहे. आमचं सर्कल यंदा महिलेसाठी राखीव. मी ताबडतोब सुधाची उमेदवारी जाहीर केली आणि तिचा फोटो घालून चौकात बॅनर लावला. तिला विचारायचं तेवढं राहिलं. भाजी आणायला गेली तेव्हा तिला कळलं. घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "मले उभं राह्यचं आहे. पन तुमच्या पक्षाकडून नाई. अपक्ष. अन् सूचक तुमी व्हा." मी विचारलं, काऊन? तर म्हणे, "काऊन का लोकं मले ओळखतात, अन् पक्षालेही ओळखतात."

मी कलम सात वाचून दाखवलं: अपक्षाच्या अर्जावर सही करणाऱ्याची तात्काळ हकालपट्टी. तिने शांतपणे ऐकलं. मग कपाटातून माझ्या तिन्ही अर्जांच्या झेरॉक्स काढल्या. (चुकीच्या तारखेचा चौथाही होता, तो तिने दयेने बाजूला ठेवला.) प्रत्येकावर सूचक म्हणून पहिली सही तिची. "म्या कवा कलम इचारलं होतं का जी?" एवढंच म्हणाली. केशव, मला फार लाज वाटली. अकरा गावं ती डबा घेऊन माझ्यामागे हिंडली होती, आणि तिला कधी कुठे बोलायचं आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी सही केली. माझी सही एवढी ठळक कधीच आली नव्हती.

तर पक्षाची कमान अशी चढती आहे. इलाला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा,
वासुदेवराव

ता.क. सोबत माझ्या हकालपट्टीचा आदेश जोडला आहे. मीच लिहिला आहे, भाषा जरा कडक ठेवली आहे. आदेशाला दोन सह्या लागतात, दुसरी सरचिटणीसाची. टपाल मिळताच कर. जिलबी असो नसो.

ता.क. २. सही करताच जिल्हाध्यक्ष तू होशील आणि एकमेव सभासदही. मी परत प्रवेश मागायला आलो तर निकालाच्या आधी घेऊ नकोस. मला प्रचार आहे.

ता.क. ३. पत्र पाकिटात घालायचं राहून गेलं ते बरंच झालं. काल चिन्हं वाटली. सुधाला मिळालं नारळ. रविवारी केळझरला शुभारंभ आहे. तू ये, इलाला आण, गणपतीला फुलं आण. भैयाजींना मी स्वतः जाऊन सांगून आलो आहे की त्या दिवशी वासुदेवरावाने कितीही मागितला तरी त्याला नारळ विकायचा नाही.