डॅडच्या गावी, विमानाने

गुरुवार, १ मे. बॉइसी
लायसन्स आलं! वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी लाइल हॅस्केट, गाद्यांचे व्यापारी, आता वैमानिक. ताबडतोब डॅडना फोन केला. म्हटलं, शनिवारी विमानाने येतो, तुमच्या धावपट्टीवर उतरतो. मग म्हणाले, "लवकर ये. डॉक्टर म्हणतो, नजरेचा मधला भाग चाललाय. आहे तोवर बघून घेतो."
नोव्हेंबरपासून गेलो नाहीये. पण गाडीने पाच तास लागतात, शिवाय दुकानाचा सीझन होता. अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. विमानाने सगळं भरून निघेल.

शनिवार, ३ मे
गेलो नाही. वारा.
आमचा विमानाचा शिक्षक गिल एचेव्हेरिया म्हणाला, "याला वारा म्हणत नाहीत, याला झुळूक म्हणतात." मी म्हटलं, इथे झुळूक असेल, डॅडच्या गावी, जुनिपर वेल्सच्या उघड्या माळावर काय असेल कुणी सांगावं? गिल कॉफी प्यायला निघून गेला.
डॅड सकाळपासून धावपट्टीवर घडीची खुर्ची टाकून बसले होते म्हणे. "हरकत नाही," म्हणाले. "मेंढ्या पाळण्यात जन्म गेला. वाट बघायची सवय आहे."
जेवण गेलं नाही. बहुधा मासा शिळा होता.

शनिवार, १० मे
मदर्स डेचा सेल. दुकान सोडून कसं जाणार? डॅड आजही बसले होते. टोपी विसरले होते, नाक सोललं. त्यांना एक उत्तम उशी पाठवली. मेमरी फोमची.

रविवार, १८ मे
काल गिल म्हणाला, मी शेजारी बसतो, चल. स्पष्ट नकार दिला. डॅड खालून बघणार, त्यांना वाटणार पोरगा एकटा आला, आणि शेजारी गिल! ही फसवणूक झाली. बापाला फसवणं मला जमणार नाही.
सबब गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न.

शनिवार, २४ मे
डॅड घरी फोन उचलेनात म्हणून धावपट्टीच्या ऑफिसात केला. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली आणि मार्व्हा टीग. तिथला रेडिओ, पेट्रोल, कॉफी, सगळं तीच बघते. म्हणाली, "तुझा बाप इथे ऊन खातोय. एक तर ये, नाहीतर खरं काय ते सांग त्याला."
मी तिला शांतपणे समजावलं, की तुमचं गाव उंचावर, हवा विरळ, त्यात दुपारच्या उन्हात विमानाला दम लागतो.
"मग सकाळी ये," म्हणाली.
काही लोकांशी शास्त्रीय बोलण्यात अर्थ नसतो.

शुक्रवार, ६ जून
उद्या जुनिपर वेल्सच्या धावपट्टीवर वर्षातली मोठी न्याहारी. सगळं गाव पॅनकेक खायला जमतं. उद्या जाणारच. नवा गॉगल घेतला.
आजवर एकट्याने फक्त इथेच उतरलोय, जिथली धावपट्टी आमच्या हायवेपेक्षा रुंद आहे. पण तंत्र तेच असतं.

शनिवार, ७ जून, दुपारी
गेलो!!
डोंगर ओलांडले, पांढरं कोरडं तळं ओलांडलं. पुढे सगळा करडा माळ. त्यात धावपट्टी अशी, की कुणाच्या हातून पेन्सिल पडलीय. कडेला माणसं, टेबलं, डॅडचा लाल ट्रक.
पहिल्यांदा जरा उंच आलो. पुन्हा वर घेतलं. नियमच आहे तसा. दुसऱ्यांदा हरणं आडवी आली. निदान मला तरी ती हरणंच वाटली. तिसऱ्यांदा चाकं जवळजवळ टेकली होती, टोप्यांखालची तोंडंही दिसायला लागली, आणि माझ्या हातांनी परस्पर विमान वर ओढलं.
मग सरळ बॉइसी.
त्यातच रेडिओ बंद पडला होता, मार्व्हाचं काहीच ऐकू येईना. त्यामुळे उतरणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. असो. डॅडना मला उडताना बघायचं होतं. एकदाऐवजी तीनदा दाखवलं. हिशेबाने पाहिलं तर मोहीम यशस्वी.
गॉगलच्या आत घाम कसा जातो, हे दुकानदाराला विचारायचंय.

रविवार, ८ जून
डॅडना फोन करायचं धाडस—वेळ झाला नाही. मार्व्हाला केला. रेडिओ बंद पडल्याचं सांगितलं. नुसतं "बरं" म्हणाली. तिच्याकडून इतका सभ्यपणा प्रथमच.

सोमवार, ९ जून
रेडिओ बंद नव्हता.
गिलने तपासला. बोलायचं बटण दाबलेलं अडकून बसलं होतं. म्हणजे मला कुणाचं ऐकू येत नव्हतं, पण माझं सगळ्यांना जात होतं. गिलने विचारलं, "काय बोललास वर?" म्हटलं, विशेष काही नाही.
न्याहारीच्या दिवशी मार्व्हा रेडिओला भोंगा जोडते. लोकांना विमानांचं बोलणं ऐकायला मजा वाटते म्हणून.
काय बोललो ते सगळं आठवतंय. आधी देवाशी बोललो. मग म्हटलं, डॅड, मला जमत नाहीये. फार भीती वाटतेय. मी नेहमी असंच करतो, येतो म्हणतो आणि येत नाही. मग रडलो, तेही भोंग्यावर गेलं असणार.

मंगळवार, १० जून
पर्याय: नाव बदलणे. फ्लोरिडात दुकान काढणे.
संध्याकाळी डॅडचाच फोन. पॅनकेक चांगले झाले होते, म्हणाले. मग म्हणाले, "कुणी हसलं नाही रे." आणि पुढे, "शेजारचा चेस्टर तेवढा हसला. मार्व्हाने त्याच्या हातातली बशी काढून घेतली."
मी म्हटलं, विमान तरी नीट दिसलं ना?
म्हणाले, "कुठलं! मागच्या महिन्यातच मधलं सगळं गेलं. एक डाग घोंघावत होता."
"मग दर शनिवारी तिथे का बसत होतात?"
"तू येतो म्हणाला होतास ना," म्हणाले.

शनिवार, १४ जून. जुनिपर वेल्स
गाडीने आलो. पाच तास. वाटेत कुठेही थांबलो नाही, थांबलो असतो तर परत फिरलो असतो.
डॅड मागच्या पायऱ्यांवर बसले होते. माझ्याकडे बघायला त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. कडेनेच काय ते दिसतं आता. मी भाषण पाठ करून आलो होतो. दोन वाक्यं झाली असतील.
"ते राहू दे," म्हणाले. "पातेल्यात पाणी गरम करून आण."
आणलं. त्यांनी मोजे काढले. नखं बोटांवरून वळून खाली गेली होती. "दिसत नाहीत मला," म्हणाले. "मार्व्हाला सांगायची लाज वाटते."
मी खाली बसलो, पाय मांडीवर घेतला. हलका लागला, मेंढीच्या कोकरासारखा. नखं भिजूनही दगड. उजव्या करंगळीला जरा जास्तच कापलं, रक्त आलं. वर पाहिलं.
डॅडनी डावा पाय पुढे केला.