चंचल, जास्त धोक्याची

भेस्तान, सुरत
५ जानेवारी २०२६

ती. मनीषाताईस,
ललितचा सा. न.

फोनवर मी ओरडतो नि तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. नवागामची चंचल आमच्या बँकेत खातं उघडायला आली. साड्यांवर टिकल्या लावून बोटाला गोंद, यंत्रावर अंगठा उमटेना. तिनं तो माझ्या रुमालाला पुसला आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. बी.कॉम. अर्धवट सोडून बँकेत चिकटल्याचं सार्थक झालं!

आता घोळ ऐक. नियमानं प्रत्येक खातेदार किती धोक्याचा, ते नोंदवून वर कळवावं लागतं. कमी धोका असेल तर त्याला कागदपत्रं तपासायला दहा वर्षांनी बोलवायचं, जास्त असेल तर दोन वर्षांनी. दहा वर्षं कोण थांबणार? मी चंचलला जास्त धोक्यात टाकलं. कारण लिहिलं, समक्ष भेट गरजेची.

हे आमच्या शिपायाच्या, मारुतीकाकांच्या कानावर गेलं. ते चंचलच्याच गल्लीत राहतात. तिला बघायला कडोदऱ्याहून पाहुणे आले होते. काकांनी त्यांना सांगितलं, की पोरगी धोक्याची, बँकेनं वर कळवलंय. पाहुणे चहा न घेताच उठले. मला आनंद होतोय आणि लाजही वाटतेय. काय करू?

माया असू दे.
ललित

अमळनेर
९ जानेवारी

चि. ललितास अ. उ. आ.

येड्या, भेस्तानहून नवागाम असं कितीसं लांब? तरी भेटीची सोय केलीस ती दोन वर्षांनी? तुझे भाऊजी हसून हसून खाटेवरून पडले.

पण तिची आई, सुंदरामावशी, इथलीच माहेरवाशीण, मला फोन करून रडत होती. स्थळ गेल्याचं चंचलला काही नाही. पण बाया तिच्याकडे बघून कुजबुजतात, म्हणून ती घराबाहेर पडत नाही. आधी साहेबांना खरं सांग, मग तिला. नोकरी गेली तर जाऊ दे. लपून बसलास तर माझ्या दारात येऊ नकोस.

रागावले तरी तुझीच,
ताई

भेस्तान
१३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

मॅनेजर अर्चनाबेनना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, की हा धोका कोणत्या रकान्यात बसतो. मी तापलो, म्हणालो, तुमच्याकडे प्रेमाचा रकानाच नाही! त्यांनी दुरुस्तीचा अहवाल माझ्याकडूनच करून घेतला, मग कामावरून काढलं.

चंचलला निरोप धाडला, की हे माझंच काम. तिचा उलट निरोप आला, की गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर येऊन सांग, आवाज चढवलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. ताई, आवाजाचीच भीती वाटतेय.

लोभ आहेच, आज जरा जास्त लागेल.
तुझा ललित

ता. क. पाणी प्यालो. शर्ट बदलला. आता बाहेर पडतो नि दार ओढून घेतो. हळूच.