टोरांटो ते कोल्हापूर, एकतीस तास

बादशहा, थोरल्या बहिणीचा सलाम घे आणि वर एक धपाटा. लिहिणारा हात नातीचा, मुस्कानचा, तोंड माझंच.

इथं माझं झ्याक चाललंय. दवाखान्यात तू पेज पितोस का? नर्सबाईवर खेकसू नकोस. तुझा रिजवान फोनवर "आत्या, ठीक हाय" एवढंच म्हणतो आणि लगेच ठेवतो.

शुक्रवारचं तिकीट मिळालं. मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचे बावीस तास. पुढं गाडीनं कोल्हापूर नऊ तास. रविवारी सांजेला पोचते.

आपल्यात सकाळी गेलेल्याला त्याच दिवशी सांजेआधी, असरच्या नमाजानंतर माती देतात. माझ्यासाठी जनाजा थांबवा, असं मी कुणाला सांगणार न्हाय. थांबायचं काम तुझं हाय.

तुला दरडावणारी,
सलमाआपा