कमरेचा पट्टा

प्रिय तात्या,

पत्र बघून तुम्ही म्हणाला असता, "बसमदी रोज भेटतूस की, कागद कशापायी?" पण कंपनीच्या बसमध्ये आता तुम्ही नाही. तुमच्या सीटवर नवीन ड्रायव्हर आहे. माणूस भला आहे, पण हॉर्न एकदाच देतो आणि निघतो. आज सकाळी त्याच बसमध्ये जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

त्याआधी एक कबुली. तुमच्या दशक्रियेला मी सगळ्यांसमोर खोटं बोललो.

तात्या, तुम्हाला आठवतंय ना ते वर्ष? परभणीहून येऊन चाकणच्या कंपनीत लाइनवर लागलो, पर्मनंट झालो, रहाटणीत घर केलं. तक्रार करायला जागा नव्हती. तरी एका सकाळी अंथरुणातून उठता येईना. दात घासायचा ब्रश हातात धरून अर्धा तास नुसता बसून राहिलो. रडू यायचं, कशाचं ते सांगता यायचं नाही. सुपरवायझरला काय सांगणार, मन उठत नाही म्हणून? सांगून टाकलं, कंबर धरलीय.

आणि लाइनवर कमरेला काय मान आहे राव! लगेच सुट्टी मिळाली. पोरांनी मिळून पट्टा आणून दिला. धडधाकट कमरेला तो बांधून मी तीन महिने फिरलो. खाली घामोळं उठलं. बायको रोज तेल चोळायची आणि मी लबाड, कण्हायचोसुद्धा. आतलं दुखणं मात्र होतं तिथंच होतं.

मी येत नाही हे माहीत असूनही तुम्ही माझ्या घराखालच्या स्टॉपवर रोज तीनदा हॉर्न द्यायचात. शेवटी एकदा तुम्हाला चार शब्द सुनवायला म्हणून मी घरच्या कपड्यांत, पायांत चपला सरकवून खाली आलो. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "आलास न्हवं खाली? बास झालं. उद्या बी एवढंच कर."

दुसऱ्या दिवशी मी परत खाली आलो. का आलो, ते अजून कळलेलं नाही.

मग एका गुरुवारी, कंपनीच्या आठवड्याच्या सुट्टीला, तुम्ही मला राजगुरुनगरच्या पुढं तुमच्या हाडवैद्याकडे घेऊन गेलात. त्याने पाठ, कंबर सगळं दाबून बघितलं आणि म्हणाला, इथं काहीच नाही. मला वाटलं, आता कंपनीभर होणार. येताना टपरीवर थांबून तुम्ही दोन चहा सांगितलेत.

"दुखतंय ते खोटं न्हाई, बालाजी," तुम्ही म्हणालात. "जागा तेवढी खोटी सांगितलीस. मला नको सांगू. डाक्टरला सांग."

पुढच्या गुरुवारी मनाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर तुम्ही दीड तास बाकावर बसून होतात. घरी जाऊन बायकोला खरं सांगायलाही तुम्हीच लावलंत. बाहेर मात्र कोणाला अवाक्षर बोलला नाहीत.

पण एक राग आहे तुमच्यावर, अजून आहे. मला खरी जागा सांगायला लावलीत आणि स्वतःच्या छातीत दुखायचं त्याला ॲसिडिटी म्हणत राहिलात? सोडा पिऊन गाडी चालवत राहिलात? एकदा बोलला असता तर मी नसतो का बसलो बाकावर?

दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेना. मुलानं शेताचं वचन दिलं, काकूंनी नातीच्या शिक्षणाचं. कोणीतरी विचारलं, बसवाल्यांपैकी कोणाचं काही राहिलंय का? मला ठाऊक होतं, तुमचा जीव माझ्या दुखण्यात अडकलाय. पुढं झालो, हात जोडले. तिथं अख्खी लाइन उभी होती. तोंडातून निघालं, "तात्या, माझी कंबर आता बरी आहे." मेलेल्या माणसाला थाप! कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा करून लावला.

आता आजचं. वेल्डिंगचा मारुती माझ्या शेजारी येऊन बसला. महिनाभरात निम्मा झालाय. म्हणाला, "भाऊ, तुमचा तो पट्टा द्या ना. कंबर लई धरलीय. जेवण जात नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही." तात्या, कमरेनं कोणाचं जेवण तुटतं का?

अख्खी बस ऐकत होती. मी म्हणालो, "मारुतीभाऊ, माझी कंबर कधीच दुखली नव्हती. मला डिप्रेशन होतं. अजून गोळ्या चालू आहेत."

मारुती खिडकीबाहेर बघत राहिला, दोनदा बाहीने डोळे पुसले. कंपनीचं गेट आलं तेव्हा हळूच म्हणाला, "डॉक्टर गुरुवारी असतात का?"

असतात. त्याला घेऊन जाणार आहे.

मी बरा आहे, तात्या. पूर्ण नाही. मधूनच तसली सकाळ उगवते. त्या दिवशी मी कंपनीचा विचार करत नाही, नुसतं स्टॉपपर्यंत जायचं ठरवतो. बहुतेकदा तिथून पुढं जमतं. नाही जमलं तर बायकोला खरं कारण सांगून घरी थांबतो.

पट्टा मारुतीला देणार नाही. आणि तुम्हाला शब्द देतो, या वेळी खरा: तो आत असेल तितका वेळ मी बाहेरच्या बाकावर बसेन. एखाद्या सकाळी तो खाली आला नाही, तर ड्रायव्हरला तीनदा हॉर्न द्यायला लावीन. तो कुरकुरला, तर मीच उतरून मारुतीला हाक मारीन.

तुमचा,
डावीकडच्या तिसऱ्या सीटवरचा
बालाजी