लेझरचा निर्णय जवळजवळ पक्का

२ मार्च, रविवार

आज निर्णय घेतला. डोळ्यांचं लेझर ऑपरेशन करून घ्यायचं. चष्मा कायमचा बंद.

कारण असं घडलं. मुलीची पोहण्याची स्पर्धा होती. तलावाच्या हॉलमध्ये दमट हवा, काचा सारख्या धुरकट. म्हणून चष्मा खिशात ठेवला आणि निळ्या टोपीवर लक्ष ठेवलं. घसा बसेपर्यंत ओरडलो. निळी टोपी पहिली आली. धावत जाऊन टॉवेल गुंडाळला, पाठ थोपटली. तो कुणाचा तरी मुलगा निघाला. त्याची आई समजूतदार होती. टॉवेल तेवढा परत दिला.

आमची शेजारच्या लेनमध्ये होती. शेवटून दुसरी. गाडीत म्हणाली, "बाबा, तू त्याला जिंकवलंस." नंतर घरापर्यंत बोलली नाही.

आता माघार नाही.

३ मार्च

कोल्ड स्टोअरेजमध्ये नोकरी करणाऱ्या माणसानं चष्मा लावणं हाच मुळात विनोद आहे. फ्रीझरच्या खोलीतून बाहेर आलं की काचा पांढऱ्या. आज बाहेर येताच बॉसबाईंना गुड मॉर्निंग म्हणालो. ती मटारच्या खोक्यांची थप्पी होती. बॉसबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी लेझर करून घेतलंय, शुक्रवारी केलं आणि सोमवारी कामावर आले.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना जाहीर करून टाकलं, मीही करतोय. टाळ्या पडल्या. फोर्कलिफ्टवाल्यानं तर हात मिळवला.

घरी बायकोला सांगितलं. ती हं म्हणाली. घाबरलेली दिसते. तिचाही चष्मा आहे, पण तिचा स्वभाव मुळात सोसणारा.

९ मार्च

भारतात घरी व्हिडिओ कॉल. आई म्हणाली, "परक्या देशात डोळ्याला हात लावू देऊ नकोस कुणाला." ताई म्हणाली, "आई, अगं डोळा तोच असतो सगळीकडे." भाऊजींनी मागून फोन ओढून घेतला आणि त्यांच्या ऑफिसातल्या एकाची हकीकत सांगितली. ऐन महत्त्वाच्या ठिकाणी नेटवर्क गेलं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. पुन्हा फोन लावला नाही. उगाच कशाला.

१५ मार्च

घाईनं निर्णय घेणारा माणूस मी नाही. अभ्यास सुरू केला आहे. आज ऑपरेशनचा संपूर्ण व्हिडिओ बघायला बसलो. पापणी उघडी ठेवायला छोटी क्लिप लावतात इथपर्यंत बघितला. पुढचं साधारण लक्षात आलंच.

बायको म्हणाली, चेहरा असा पांढराफटक का पडलाय? म्हटलं, ट्यूबलाइटमुळे. जेवण गेलं नाही. दुपारी जास्त झालं असणार.

२२ मार्च

अभ्यासातून एक गंभीर मुद्दा निघाला आहे. भाषा. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर सूचना देणार. इथली भाषा मला उत्तम येते. टॅक्सी, बाजार, खोक्यांचा हिशेब, सगळं निभावतं. पण उताणं पडलेलं असताना भाषा येते का, हे कधी तपासलेलं नाही. डॉक्टर म्हणणार "हलू नका" आणि मला ऐकू येणार "हलवा".

बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, "मग मराठी डॉक्टर शोध." म्हणजे तिला वाटतंय तितकं सोपं नाही, हे तिला कळलेलं नाही.

२ एप्रिल

निर्णय बदलला. म्हणजे तोच आहे, जागा बदलली. ऑपरेशन आपल्याकडे जाऊन करायचं. आपली भाषा, आपली माणसं, आईच्या हातचं जेवण. आईला फोन केला. आनंदानं तिचा आवाजच बदलला.

४ एप्रिल

आईनं अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं आहे. आत्या येणार, दोन्ही मावश्या येणार, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर रोज पेपर वाचून दाखवायला येणार. ताई म्हणाली, तुझे डोळे बरे होतील, पण माणसांची ये-जा बघून डोकं जाईल.

डॉक्टर लोक विश्रांती सांगतात. हे सगळे विश्रांती घेऊ देणार नाहीत. शिवाय बॉसबाई रजा देणार नाहीत. विचारलं नाही, पण मी त्यांना ओळखून आहे.

तेव्हा इथेच. आईला आठवड्यानं सांगावं. एकदम सांगितलं तर तिला लागेल.

१९ एप्रिल, शनिवार

अखेर क्लिनिकमध्ये तपासणी झाली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, त्यानंतर गाडी चालवता येत नाही, म्हणून बायको सोबत आली.

पहिल्या यंत्रात लांब रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो. फुग्याकडे बघत राहायचं. हे मला छान जमलं. दुसऱ्या यंत्रातून डोळ्यावर हवेचा झोत मारतात. मी सावधपणे मागे सरलो. मागे ट्रॉली होती. ट्रॉलीवर बरंच काही होतं. तंत्रज्ञ मुलगी चांगली होती, म्हणाली, पुन्हा करू. पुन्हा केलं. पुन्हा सरलो. शेवटी बायकोनं मागून माझं डोकं धरलं.

मला अशी कुणकुण होती की माझा कॉर्निया पातळ निघेल. पातळ असला तर ऑपरेशन करत नाहीत, माणसाचा नाइलाज होतो. डॉक्टर म्हणाले, "तुमचा भरपूर जाड आहे." बायको हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

डॉक्टर हेही म्हणाले की काही वर्षांत वाचायला चष्मा लागेलच, तो वयाचा भाग आहे. म्हटलं, ते त्या वयात बघू.

मग ते बायकोला म्हणाले, तुम्ही बसलाच आहात तर तुमचेही डोळे बघू. ती बसली. फुगा, हवा, थेंब सोडून सगळं करून आली. मी अजून ट्रॉलीवरचं उचलत होतो. तिचेही डोळे योग्य आहेत म्हणे. उगाच त्या बिचारीला बसवलं. तिला यात रस नाही.

३ मे

तारीख घेतली. शुक्रवार, १६ मे. फोन ठेवल्यावर एकदम हलकं वाटलं. पोटात विशेष हलकं.

तयारी जोरात. आईला इथेच करतोय हे कळवलं, तारीखही सांगितली. काळा गॉगल आणला. बायकोला थेंब घालायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. ती म्हणाली, "आधी तू पापणी न मिटता बसायचं शीक." आरशासमोर सराव केला. इतका केला की कामावर बॉसबाईंनी विचारलं, घरी काही झालंय का, रडला आहात का. म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे.

सहकाऱ्यांनी चष्म्याच्या निरोपाचा केक ठरवला आहे. मुलगीही पुन्हा बोलते. काल म्हणाली, पुढच्या वेळी तू मला ओळखशील ना. म्हटलं, पाण्याखालीसुद्धा.

१३ मे, मंगळवार

घशात खवखव. एक शिंक आली. छोटी होती, पण शिंक ती शिंक. ऐन लेझरच्या वेळी आली तर? ताप बघितला. नव्हता. थर्मामीटर जुना आहे.

मन घट्ट करून क्लिनिकला फोन केला आणि तारीख पुढे ढकलायला सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, शुक्रवारची वेळ मग दुसऱ्या कुणाला देऊ का? द्या, म्हणालो. तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेर येऊन म्हणाली, "शुक्रवारी मी जातेय."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "शाळेच्या किचनमध्ये झाकण उचललं की माझ्या चष्म्यावर वाफ येते. मला समोरचं काही दिसत नाही. मागच्या महिन्यात हात भाजला तो असाच."

हात भाजला होता. पट्टी बघितली होती मी. भाजी चिरताना कापला असेल असं समजून चाललो होतो. चार वर्षं ती त्या किचनमध्ये काम करते. तिच्या चष्म्यावरही वाफ येते, हे मला माहीत नव्हतं. बोलली नाही कधी.

किंवा मी बोलत असेन तेव्हा बोलली असेल.

१४ मे

सर्दी अचानक बरी झाली. पण आता तिला संधी द्यायची ठरवलं. माझा सगळा अभ्यास तिच्या कामी येईल. संध्याकाळी तिला समोर बसवून एकेक धोका नीट समजावून सांगितला. ती मुलीच्या शाळेचे मोजे जोडीनं लावत होती. मधेच म्हणाली, "झालं का सांगून?"

कामावर केक रद्द करायला विसरलो.

१६ मे, शुक्रवार, सकाळ

बायको रात्रभर गाढ झोपली. एकदाही कूस बदलली नाही. परिस्थितीचं गांभीर्य तिला अजिबात कळलेलं नाही. माझा मात्र डोळा लागला नाही. घरात एकानं तरी जबाबदारीनं वागायला हवं.

मुलीला शेजारच्या आजींकडे सोडून निघतो आहोत. मी बायकोला आधार द्यायला पूर्ण सज्ज आहे.

१६ मे, संध्याकाळ

हे वेडंवाकडं अक्षर ऑपरेशन झालेल्या बायकोचं आहे असं वाटेल. माझंच आहे. कागद नाकाला लावून लिहितो आहे.

झालं ते असं. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत नातेवाइकांसाठी टीव्ही आहे. आत चाललेलं त्यावर दिसतं. नर्सबाई म्हणाल्या, बघवत नसेल तर मासिकं आहेत. मी त्यांना सांगितलं, माझा या विषयाचा अभ्यास आहे. पडद्यावर तिचा डोळा आला, पडद्याएवढा. मग क्लिप आली. त्यानंतर मला छत दिसलं.

खाली पडलो तो चष्म्यावरच. एक काच फुटली, दांडी तुटली. मला आतल्या पलंगावर झोपवलं, जो मुळात पेशंटसाठी असतो. साखरेचं पाणी दिलं. थोड्या वेळानं बायको चालत बाहेर आली. काळा गॉगल लावून, स्वतःच्या पायांनी. नर्सबाईंना विचारताना ऐकलं, "माझा नवरा कुठे आहे?" नर्सबाई म्हणाल्या, "आराम करतायत."

जिना उतरताना तिनं माझा दंड धरला होता. "पायरी आहे," म्हणाली. म्हटलं, दिसते मला. ती म्हणाली, "ती सावली आहे. पायरी ही." तिला सगळं धुक्यातल्यासारखं दिसत होतं आणि तरी माझ्यापेक्षा बरं. टॅक्सीवाल्यानं उतरून माझ्यासाठी दार उघडलं आणि हळू आवाजात तिला विचारलं, ऑपरेशन कसं झालं यांचं? ती म्हणाली, चांगलं झालं.

१७ मे

तिच्या डोळ्यात थेंब घालायची जबाबदारी माझी. पहिला थेंब गालावर, दुसरा भुवईवर. तिसऱ्याच्या वेळी तिनं बाटली घेतली आणि आरशासमोर जाऊन दोन्ही डोळ्यांत घातले.

आईचा फोन. तिला माझे डोळे बघायचे होते. खरं काय ते सांगितलं. म्हणाली, "सूनबाईला दे." त्या दोघी तासभर बोलल्या. मी फोन धरून उभा होतो, कारण बायकोला स्क्रीनकडे जास्त बघायचं नाही.

२४ मे, शनिवार

नवा चष्मा आणला. दुकानदारानं डोळे तपासले आणि मला छोट्या अक्षरांचा कागद धरायला दिला. मी तो हात लांब करून धरला. तो माझ्या लांब हाताकडे बघत राहिला. म्हणजे चाळिशीसुद्धा लागली. आता एकाच काचेत दोन नंबर आहेत. जिना उतरताना पायऱ्या हलतात.

घरी आलो तर बायको खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतल्या कुंड्या बघत होती. नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्याचे जुने वळ अजून आहेत. इतकी वर्षं ते चष्म्याखालीच होते, मी पहिल्यांदा बघितले.

तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली?

"खूप वाटली," ती म्हणाली. "आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता."

म्हटलं, तू तर गाढ झोपली होतीस. कूससुद्धा बदलली नाहीस.

म्हणाली, "तू जागा होतास ना. मी हलले असते तर तू आणखी घाबरला असतास."