भोजराजदादांच्या आलमारीची दोन दारे

सौंदड,
मंडईच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात

ती. भोजराजदादा यांस,

इंद्रकुमारचा वाकून नमस्कार. (वाकण्याची सवय नुकतीच लागली आहे, कारण पुढे येईलच.) तुमची प्रकृती ठणठणीत असेल, वहिनींचे गुडघे थंडीत कुरकुरत नसतील आणि तुमचे धान मळून घरात पडले असेल, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे आलमारी सोडून. हे फोनवरच सांगितले असते, पण आमच्या भिंतींना कान नसले तरी तुमच्या बहिणीला आहेत.

आमच्या घराच्या वास्तुशांतीला तुम्ही गोंदियाहून आलमारी आणून दिलीत, हे उपकार मी विसरू म्हटले तरी तुमची बहीण शामकला मला विसरू देत नाही. वस्तू देखणी, यात वादच नाही. पण दिवाळी झाली आणि तिची दोन दारे एकमेकांवर चढू लागली. तेव्हा माझ्या तोंडून एक निरागस वाक्य निघून गेले, की दुकानदाराने दादांच्या भोळेपणाचा फायदा घेतलेला दिसतो. बस्स! "आमच्या घरून आलेली वस्तू वाकडी नसते. तुमचं घरच वाकडं हाये," असा निकाल लागला. दादा, हे घर मी स्वतः उभे राहून बांधून घेतले आहे. शाळेत वीस वर्षे भूमिती शिकवणाऱ्या माणसाचे घर वाकडे? मी तत्काळ फरशीवर लिंबू ठेवून दाखवले. ते जागचे हलले नाही. त्यावर ती म्हणाली, "लिंबूही तुमच्याच बाजूनं बोलून राहिला." अशा न्यायालयात दाद मागायची कुठे?

सुतार बोलवावा म्हटले, तर तेही नाही. सुतार आला की भावाने बिघडलेली आलमारी दिली हे गावभर होणार. म्हणून मीच पेचकस घेतला. या नव्या बिजागऱ्या (इकडच्या भाषेत कब्जे) म्हणजे एक थोर प्रकार आहे. एक स्क्रू पिळला की दार डावी-उजवीकडे जाते, दुसरा पिळला की आत-बाहेर, आणि तिसरा पिळला की माणूस खाली बसतो. रविवारी मी दोन्ही दारे अशी जुळवली की मधून कागद गेला नसता. सोमवारी शाळेतून येतो, तर मधून मांजर गेले असते. पुन्हा जुळवली. पुन्हा फाकली. तुमच्या दोन्ही आत्या लग्नात समोरासमोर आल्या की जशा तोंडे फिरवतात, तशी ती दारे मला पाहून फिरत होती. "तुमच्या भूमितीनं आलमारी सरळ होऊन राहिली का?" हा प्रश्न रोज चहाबरोबर मिळायचा, साखर मात्र कधी मिळायची, कधी नाही.

हसण्यावारी नेले असते, पण परवा तिने आपली सगळी लुगडी-साड्या काढून जुन्या लोखंडी पेटीत भरल्या आणि जाहीर केले, "दादा मंडईले पिकअप घेऊन येऊन राहिला. त्याची आलमारी त्याच्याच गाडीत परत." एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली. खरे सांगतो दादा, मला फार वाईट वाटले. ही आलमारी आली तेव्हा ती नुसतीच दारे उघडून-मिटून पाहत बसली होती. ते मी पाहिले आहे.

तर काल पुन्हा पेचकस घेऊन बसलो असता एक स्क्रू निसटून धानाच्या पोत्यांमागे गेला. घरी खायच्या धानाची थप्पी मीच आलमारीला टेकवून रचली आहे. (जागेचा उत्तम उपयोग, असे मीच तेव्हा म्हणालो होतो.) पोते जरा सरकवले आणि काय सांगू, दार आपोआप हलले. दुसरे सरकवले, दुसरे दार हलले. मंडईच्या पाहुण्यांसाठी रोज एक-दोन पोती गिरणीवर भरडायला जात होती. पोते गेले की रेटा बदलायचा, आलमारीची चौकट बदलायची, आणि मी कब्जे पिळत बसायचो. म्हणजे घरही सरळ, आलमारीही सरळ. वाकडे काय, हे लिहिण्याइतका मी थोर नाही. स्क्रू उचलला आणि पोती जशीच्या तशी टेकवून ठेवली.

मोठ्यांना नमस्कार, वहिनींना विशेष.

आपला आज्ञाधारक,
इंद्रकुमार

ता. क. मंडईला अवश्य यावे. मात्र पिकअप आणू नये. सौंदडला रेल्वे थांबते आणि थंडीत रेल्वेचा प्रवास प्रकृतीला चांगला. मी स्वतः घ्यायला स्टेशनवर येतो.

ता. क. २. पोत्यांचे तिला कळता कामा नये. योग्य वेळ पाहून मीच सांगेन. (मंडईतल्या नाटकाच्या रात्री ती खुशीत असते.)

दादा, मी शामकला. यायनं पाकीट चिकटवाले डिंक मागतला अन् तो कुठी राह्यते हे यायले माहीत नाही, म्हणून मलेच देल्लं चिकटवाले. पोत्यायचं मी पयल्याच दिवशी पाह्यलं होतं. कवा कबूल होते ते पाहून राहिली होती, तं कबूल झाले बी तं तुह्याजवळ. तू पिकअपच आणजो. आलमारी नाही देत मी, साड्या आत्ताच पुन्हा आत ठेवल्या. पोते तेवढे एकदमच गिरणीवर न्यायचे हायेत. अन् जाताना यायचा पेचकस घेऊन जाजो.